‘कालियामर्दना’चा जीर्णोद्धार

नाशिक शहराच्या दक्षिणेस, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. लेणी पाहून डोंगर उतरणारा प्रवासी तेथे घटकाभर विसावतो. परंतु फाळक्यांचे खरे स्मारक दगडमातीचे नव्हे. ते एका पातळ, अर्धपारदर्शक फितीवर उमटलेले आहे, आणि ती फीत काळाच्या मुखातून थोडक्यात वाचली आहे. १९१९ साली नाशिकच्या ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ने निर्माण केलेला ‘कालियामर्दन’ हा मूकपट आज शंभर वर्षांनंतरही घरी बसून पाहता येतो. तो कसा वाचला आणि त्याचे आजचे रूप कसे सिद्ध झाले, ही हकीकत समजून घेण्याजोगी आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे एका शास्त्रीपंडितांच्या घरात झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी होते. मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापनासाठी त्यांची नेमणूक झाली आणि कुटुंब मुंबईस गेले. मुलाचा ओढा मात्र पोथीपेक्षा कुंचल्याकडे अधिक. जे. जे. कलाशाळेत चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण, पुढे शिळामुद्रण, छापखाना असे अनेक व्यवसाय त्यांनी केले. जादूचे खेळही ते शिकले होते आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते खेळ करीत. हे नाव उलटे वाचावे, म्हणजे त्याचे गुपित उकलेल. ही जादूगिरी ही केवळ गमतीची गोष्ट नव्हे. पुढे पडद्यावर त्यांनी जे चमत्कार दाखविले, त्यांचे मूळ बरेचसे या विद्येत आहे.

१९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक चित्रपट त्यांच्या पाहण्यात आला, आणि राम, कृष्ण, हरिश्चंद्र यांना असेच पडद्यावर केव्हा पाहावयास मिळेल या विचाराने त्यांना पछाडले. १९१२ साली त्यांनी लंडन गाठले, सेसिल हेपवर्थ या चित्रपटकाराच्या कलागृहात हे तंत्र पाहिले, आणि विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा व फितीला भोके पाडण्याचे यंत्र घेऊन ते परत आले. भांडवल उभे राहावे म्हणून त्यांनी एका रोपाची वाढ दाखविणारा छोटासा पट तयार केला. रोज थोडेथोडे चित्रण करीत गेल्याने पडद्यावर अंकुर पाहता पाहता वाढू लागला आणि पाहणाऱ्यांचा विश्वास बसला. तरीही विम्याची पॉलिसी व पत्नीचे दागिने गहाण पडलेच. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

या यशात सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा किती होता, हे एका साध्या हिशेबाने कळेल. त्या काळी कोरी फीत भोके न पाडलेली येई. एका फुटात सोळा चित्रे बसत आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार भोके लागत. म्हणजे एका फुटाला एकशे अठ्ठावीस भोके झाली. ‘राजा हरिश्चंद्रा’ची लांबी ३,७०० फूट होती, तेव्हा एका प्रतीलाच साडेचार लाखांहून अधिक भोके लागणार. हे काम अंधारात करावे लागे, कारण उजेड लागला की फीत वाया. दिवसभर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून ही गृहिणी रात्री काळोखात भोके पाडीत बसे, आणि दिवसा चित्रण चालू असता उन्हाची तिरीप नटांच्या तोंडावर पाडण्यासाठी पांढरी चादर धरून उभी राही. पडद्यावर तिचे नाव कोठेही येत नाही.

१९१३ मध्येच फाळक्यांनी आपला संसार व आपला कारखाना मुंबईहून नाशिकला हलविला. नाशिकसारखे स्थान पौराणिक चित्रपटाला दुसरे कोणते मिळणार? गोदावरीचा प्रवाह, तिच्या काठचे घाट आणि देवळे, भोवतालचे डोंगर, जुने वाडे, आणि पंचवटीच्या रूपाने रामायणाशी जोडलेली भूमी. निराळा देखावा उभारण्याची गरजच कित्येकदा नसे. ‘मोहिनी भस्मासुर’ येथेच तयार झाला व त्यात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकींनी काम केले. तोपर्यंत स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. १९१७ च्या ‘लंकादहन’ मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाने रामही केला आणि सीताही केली! पडद्यावर प्रभू रामचंद्र दिसताच प्रेक्षक पायांतील जोडे काढून ठेवीत, असे सांगतात. १९१८ च्या प्रारंभी भागीदारीत हिंदुस्थान कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी ‘श्रीकृष्णजन्म’ निघाला आणि पुढील वर्षी ‘कालियामर्दन’.

कालियाची कथा श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील, सोळाव्या अध्यायात आलेली. कीर्तनकारांच्या मुखातून ती महाराष्ट्रातील प्रत्येक खेड्यात पोहोचलेली होती. फाळक्यांनी तिचे रूपांतर करताना ग्रंथाला धरून राहण्याचा आग्रह धरला नाही. चित्रपटाचा बराच मोठा भाग बाळकृष्णाच्या खोड्यांनी व्यापलेला आहे. लोणी चोरणे, घराघरांत धुमाकूळ घालणे हे तर आहेच; पण निजलेल्या धनिकाची दाढी त्याच्या पत्नीच्या केसांशी बांधून ठेवणे, असले प्रकार व्यासांनी लिहिलेले नाहीत. ते गावातल्या पोरांनी लिहिलेले आहेत असेच म्हणावे लागेल. आणि म्हणूनच ते आजही पाहवतात. मग शेवटी कृष्ण झाडावर चढून यमुनेच्या डोहात उडी घेतो. पाण्याखाली नागाशी झुंज चालते. लगेच काठावरचे दृश्य येते. तेथे गोपाळ, नंद, यशोदा यांचा आकांत चालला आहे. पुन्हा पाण्याखालची झुंज. अशा आलटून-पालटून येणाऱ्या दृश्यांनी प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो, आणि अखेर कालियाच्या फणीवर नाचत बाळकृष्ण पाण्यावर येतो.

ही कृष्णाची भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. ती त्या वेळी सुमारे सात वर्षांची होती. चित्रपट सुरू होतो तो कथेने नव्हे, तर या मुलीच्या चेहऱ्याने. निरनिराळे भाव ती एकामागून एक मुद्रेवर आणून दाखविते, आणि मग तीच कृष्णाच्या वेषात आपल्यासमोर येते. ‘ही आमची मंदा, आणि हा तुमचा कृष्ण’ असेच जणू दिग्दर्शक सांगतो. देवाचे सोंग आहे हे आधीच उघड करून पुन्हा त्याच सोंगाला प्रेक्षकांकडून नमस्कार करवून घेणे, हे धाडस जादूगारच करू जाणे.

त्या चमत्कारांचे तंत्र तसे सोपे असे. मात्र त्याला नेमकेपणा फार लागे. एखादी वस्तू एकाएकी अदृश्य व्हावयाची असेल तर कॅमेरा थांबवावयाचा, वस्तू उचलावयाची आणि पुन्हा मूठ फिरवावयाची. नटांनी तेवढा वेळ श्वाससुद्धा जपून घ्यावयाचा. दोन दृश्ये एकमेकांत मिसळावयाची तर चित्रित झालेली फीत उलट गुंडाळून तिच्यावरच दुसऱ्यांदा चित्रण करावयाचे. ‘श्रीकृष्णजन्मा’त कंसाचे मस्तक धडावेगळे होऊन वर जाताना दिसते, ते अशाच युक्तीने. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस या जादूगाराने १९०२ साली ‘चंद्रावरची सफर’ या चित्रपटात हेच प्रयोग केले होते. त्याची कथा नवलाची होती आणि फाळक्यांची पुराणातली. हातचलाखी मात्र एकच.

आता या फितीच्या स्वभावाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुढील सारी हकीकत त्या स्वभावावर अवलंबून आहे. त्या काळची फीत सेल्युलोज नायट्रेट या पदार्थाची असे. त्यावरील चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांचे. त्यामुळे ते अतिशय तेजस्वी व बारकावे दाखविणारे असे. परंतु नायट्रेट हा स्फोटक द्रव्यांचाच भाऊबंद. तो एकदा पेटला की विझत नाही. जळण्यास लागणारा प्राणवायू त्याच्या घटकांतूनच मिळत असल्याने तो पाण्याखालीही जळत राहतो. आग लागली नाही तरी तो सुखाने राहत नाही. उष्ण व दमट हवेत प्रथम चित्र फिके पडते, मग फीत चिकट होते, वेटोळी एकमेकांस घट्ट चिकटतात, त्यांवर फेस येतो आणि शेवटी डबा उघडावा तर आत तपकिरी भुकटी. आपल्याकडील उन्हाळा आणि पावसाळा या दोघांच्या मध्ये सापडलेल्या रिळाचे काय होत असेल, हे निराळे सांगावयास नको.

निसर्गाने जे सोडले ते माणसाने संपविले. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आला आणि मूकपटांना कोणी विचारीनासे झाले. मूक रिळांचे डबे म्हणजे गोदामातील अडगळ ठरली. त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी रिळे विकली गेली. सेल्युलॉइडच्या बांगड्या करण्याकडेही काहींचा उपयोग झाला असे सांगतात. ही केवळ आपलीच करंटेगिरी नव्हे. पहिल्या महायुद्धात मेलिएसच्या कित्येक फिती वितळवून फ्रेंच सैनिकांच्या बुटांच्या टाचा करण्यात आल्या, आणि पुढे निराश होऊन त्याने उरलेल्या मूळ फिती स्वतःच जाळून टाकल्या. आपल्या देशात मूकपटांच्या काळात हजाराहून अधिक चित्रपट निघाले. त्यांतील आज पूर्ण वा बऱ्याच अंशी पाहता येतील असे फारच थोडे. ‘आलम आरा’चीसुद्धा एकही प्रत उपलब्ध नाही.

स्वतः फाळके यांचे उत्तरायुष्यही फारसे सुखाचे गेले नाही. भागीदारांशी मतभेद होऊन ‘कालियामर्दना’नंतर थोड्याच काळाने ते कंपनी सोडून काशीस गेले; तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. पुढे ते परत आले, चित्रपटही काढले. पण ते पहिले दिवस परतले नाहीत. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट आणि एकुलता बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या चित्रपटांची रिळे कोठे आहेत याची चौकशी करणारी एकही संस्था देशात नव्हती.

तशी संस्था वीस वर्षांनी निघाली. फेब्रुवारी १९६४ मध्ये पुणे येथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि लवकरच परमेश कृष्णन नायर हे तरुण गृहस्थ त्याचे साहाय्यक अभिरक्षक झाले. मूळचे केरळचे असलेल्या नायर यांनी चित्रपटांची रिळे गोळा करणे हेच आपले व्रत मानले. कोणाच्या माळ्यावर डबा आहे असे कळले की ते निघाले. फाळक्यांच्या मुलाबाळांशी संपर्क साधून, नाशिकपर्यंत जाऊन, त्यांनी त्या घरी जपले गेलेले तुकडे मिळविले. ‘राजा हरिश्चंद्रा’ची पहिली व शेवटची रिळे हाती आली. ती १९१३ च्या मूळ पटाची नसून १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा केलेल्या पटाची असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ‘लंकादहन’ आणि ‘श्रीकृष्णजन्म’ यांचे काही अंशच सापडले. फाळक्यांच्या मूकपटांपैकी ज्यात कथा बरीचशी सलग राहिली आहे, असा ‘कालियामर्दन’च होय.

तुकडे सापडले म्हणजे चित्रपट सापडला असे नाही. जुनी फीत आकसलेली असते. तिच्या भोकांमधील अंतर कमी झाल्याने यंत्राचे दाते त्यांत बसत नाहीत. बळाने चालवू जावे तर ती तडकते. म्हणून प्रथम हाताने, इंच-इंच तपासून, ती पुसावी लागते, फाटलेले भाग सांधावे लागतात. नंतर प्रश्न येतो क्रमाचा. डब्यात पडलेले तुकडे कथेच्या ओळीने थोडेच असतात! कोणते दृश्य आधी, कोणते नंतर, हे मधल्या लेखी पाट्यांवरून, वेषभूषेवरून, उजेडाच्या दिशेवरून आणि अर्थातच मूळ कथेवरून ठरवावे लागते. येथे पुराणकथेचा मोठा उपकार होतो. कालियाची गोष्ट ज्याला ठाऊक आहे तो उडीच्या आधी नृत्य ठेवणार नाही.

क्रम लागला की सुरक्षित फितीवर नवी प्रत काढावयाची. नायट्रेटची जागा अॅसिटेटने घेतली व १९५० नंतरच्या काही वर्षांत नायट्रेट फितीचे उत्पादन थांबले. पण अॅसिटेटही अमर नाही. काही वर्षांनी तिला शिरक्यासारखा आंबट वास येऊ लागतो व ती वाकडीतिकडी होते. ‘कालियामर्दना’च्या बाबतीत ही नवी प्रत वेळेवर निघाली, हे केवढे भाग्य, याचा प्रत्यय ८ जानेवारी २००३ रोजी आला. त्या दिवशी पुण्यात चित्रपटसंस्थेच्या आवारातील नायट्रेट रिळांच्या कोठारास आग लागली आणि शेकडो चित्रपटांच्या मूळ फिती भस्मसात झाल्या. ज्यांच्या प्रती काढून झाल्या होत्या ते चित्रपट प्रतींच्या रूपाने उरले. बाकीच्यांची राख झाली.

संगणकाच्या युगात जीर्णोद्धाराला नवे साधन मिळाले. आता फितीवरील प्रत्येक चित्राचे स्वतंत्रपणे अंकीय रूपांतर करता येते. ओरखडा असेल तर मागच्या-पुढच्या चित्रातील तोच भाग घेऊन तो बुजविता येतो. हलणारे चित्र स्थिर करता येते, उजेडाचा लपलपाट कमी करता येतो. एका मिनिटाच्या मूकपटात साधारण नऊशे साठ चित्रे येतात. म्हणजे हे काम किती चिकाटीचे आहे ते पाहा. मेलिएसच्या ‘चंद्रावरच्या सफरी’ची हाताने रंगविलेली एक प्रत १९९३ साली स्पेनमध्ये, बार्सिलोना येथे सापडली. तिचे जवळजवळ ठोकळ्यासारखे घट्ट वेटोळे झाले होते. ते हळूहळू सोडवून ती पुन्हा पडद्यावर आणण्यास २०११ साल उजाडले.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट उमगते. जुन्या चित्रपटांतील माणसे दुडकत, धावत चालतात, त्याचे अनेकांना हसू येते. ती माणसे तशी चालत नव्हती. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवीत आणि सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रे घेत. बोलपटाचे यंत्र सेकंदाला चोवीस चित्रे दाखविते. सोळाच्या वेगाने टिपलेले चोवीसच्या वेगाने दाखविले की तासाभराचा खेळ चाळीस मिनिटांत आटोपतो आणि यशोदामाई धावतच सुटते. वेग सुधारला की तीच माणसे एकदम गंभीर, भारदस्त वाटू लागतात. ज्याला आपण जुन्या कलावंतांचा बावळटपणा समजत होतो, तो आपल्याच यंत्राचा दोष होता.

मात्र या कामात एक मोठा पेच आहे, आणि त्याचे उत्तर यंत्राजवळ नाही. देवळाचा जीर्णोद्धार करताना पडलेल्या खांबाच्या जागी नवा खांब बसवितात. चित्रपटात हरवलेल्या दृश्याच्या जागी नवे दृश्य घालावे काय? आज संगणकाला नवी मुद्रा घडविता येते, करड्या चित्रात हवे ते रंग भरता येतात. बालप्रेक्षकांना ते आवडेलही. परंतु मग समोर नाचणारा कृष्ण मंदाकिनीचा राहील का? जाणते जीर्णोद्धारक याबाबतीत कडक असतात. जे नाही ते नाही म्हणून सोडावे, फार तर एक पाटी घालून तसे सांगावे. डाग पुसावा, पण चेहरा पुसू नये, असा त्यांचा दंडक आहे. तो योग्यच आहे. संगीताची गोष्ट थोडी निराळी. मूकपट प्रत्यक्षात कधी मुका नव्हताच. पडद्याजवळ पेटी-तबला वाजे, कोणी निवेदक कथा सांगे. म्हणून आज त्याला नवे वादन जोडले तर परंपरेचा भंग होत नाही. ते सुसंगत असावे, एवढेच.

फाळके यांच्या उपलब्ध चित्रपटांच्या प्रती पुढे तबकड्यांवर व महाजालावर आल्या. १९१९ साली ‘कालियामर्दन’ पाहावयाचा तर चित्रपटगृहात जाऊन, गर्दीत बसून, एकाच वेळी शेकडो लोकांबरोबर पाहावा लागे. आज तो नाशिकच्या एखाद्या घरात आजी व नातू दोघेच मिळून पाहू शकतात. ही सोय मोठी आहे. तथापि तिच्यात काही हरवतेही. कृष्ण डोहात उडी घेतो तेव्हा अंधारातून उठणारा सामुदायिक निःश्वास घरी ऐकू येत नाही. उलट एक लाभही आहे. चित्र थांबविता येते. डोळे बारीक करून मुद्रा पाहता येतात, कडेला उभ्या असलेल्या मुलांच्या चेहऱ्यांवर, खेळ चालू असताना फुटलेले हसू आवरण्याची धडपड दिसते का, हे न्याहाळता येते.

पहिल्याच दृश्यात चित्र थांबवावे. समोर सात वर्षांची एक मुलगी आहे. ती पलीकडे कोणाकडे तरी पाहते आहे, बहुधा कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या वडिलांकडे. आणि त्यांनी सांगितलेला भाव तोंडावर आणण्याची शिकस्त करते आहे. फितीच्या कडेला भोकांची ओळ असते, ती पडद्यावर येत नाही.